चिरकारी स्वादुपिंडशोथातील वेदना : उपचारांचा इतिहास (विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

चिरकारी स्वादुपिंडशोथ : जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडव्या असलेल्या स्वादुपिंड (अग्निपिंड) या ग्रंथीचा दीर्घकाळ टिकणारा व वारंवार उफाळणारा दाह. या विकारात ग्रंथीतील स्रावक ऊतक हळूहळू नष्ट होऊन त्याच्या जागी तंतुमय ऊतक वाढते; नलिका कोठे आकसतात, कोठे फुगतात आणि अनेक रुग्णांत त्यांत कॅल्शियमयुक्त खडे तयार होतात. अन्नपचनास लागणारा रस कमी पडल्याने शौचावाटे मेद बाहेर पडतो, वजन घटते आणि पुढे मधुमेह होतो. तथापि रुग्णाला डॉक्टरकडे आणणारे मुख्य लक्षण वेदना हेच असते. मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या प्रदेशात या वेदनेवर कोणता उपचार मिळतो हे वैद्यकाच्या प्रगतीइतकेच राज्यव्यवस्था, अफूविषयक कायदे, रस्ते आणि रुग्णालये यांवर अवलंबून राहिले आहे. त्यामुळे या उपचारांचा इतिहास दोन अंगांनी पाहावा लागतो : वेदना कोठून उद्भवते याविषयीच्या कल्पना कशा बदलत गेल्या आणि त्या कल्पनांवर आधारलेले उपचार जिल्ह्यातील रुग्णापर्यंत कसे पोहोचले.

वेदनेचे स्वरूप : वेदना पोटाच्या वरच्या भागात, बेंबीच्या वर सुरू होऊन आरपार पाठीत जाते. ती काही तासांपासून काही दिवस टिकते. जेवणानंतर ती वाढत असल्याने रुग्ण अन्न टाळतो आणि अधिकच खंगतो. उताणे निजल्यास वेदना असह्य होते; गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसल्यास थोडा आराम पडतो. काही रुग्णांत वेदनेचे झटके येतात व मधला काळ सुखाचा जातो. काहींत ती अखंड राहते. ग्रामीण भागात ‘पोटशूळ’ या एकाच नावाखाली आम्लपित्त, जठरव्रण, पित्ताशयातील खडे व जंत यांबरोबर हीही वेदना मोडते. त्यामुळे निदान होण्यापूर्वी रुग्णाने अनेक वर्षे आम्लपित्ताची औषधे घेतलेली असतात. पोटावर बिब्ब्याचा डाग देण्याची जुनी रीतही अशाच वेदनेसाठी वापरली जात असे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी : हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचे ठाणे पूर्वी नळदुर्ग येथे होते. पुढे ते धाराशिव येथे आले व मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. १९५६ मध्ये हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा करण्यात आला. २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृतपणे स्वीकारण्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी असे त्याचे आठ तालुके आहेत. पर्जन्यमान कमी व शेती बेभरवशाची असल्याने बीडलगतच्या भागातून ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर होते. अशा कुटुंबांतील रुग्णावर एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरकडे सलग उपचार होणे अवघड असते.

प्रारंभीचे उपचार : माधवनिदान  या ग्रंथात शूल या व्याधीचे स्वतंत्र वर्णन असून अन्न पचत असताना होणारा परिणामशूल व अन्नाशी निगडित असा अन्नद्रवशूल यांचा निर्देश आहे. या वर्णनांतील काही लक्षणे आजच्या स्वादुपिंडशोथाशी जुळतात. परंतु ती जठरव्रणाशीही जुळत असल्यामुळे त्यांचे एकाच आधुनिक रोगाशी समीकरण करता येत नाही. यूरोपात व्हिर्सुंग यांनी पॅदुआ येथे १६४२ मध्ये स्वादुपिंडाची मुख्य नलिका दाखविली आणि १७८८ मध्ये टॉमस कॉली यांनी मधुमेहाने मृत झालेल्या रुग्णाच्या स्वादुपिंडात खडे आढळल्याचे नोंदविले. रोगाचे शरीरातील स्थान कळले तरी वेदनेवर अफू हाच उपाय होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी झेर्ट्युर्नर यांनी अफूपासून मॉर्फीन वेगळे केले व शतकाच्या मध्यास त्वचेखाली टोचण्याची सुई प्रचारात आली. त्यामुळे तीव्र वेदना काही मिनिटांत शमविणे शक्य झाले.

ब्रिटिश भारतात व संस्थानांत अफू परवान्याच्या दुकानांतून विकली जाई. पोटदुखी, अतिसार व खोकला यांवर ती घरगुती औषध म्हणून घेतली जात असे. १ एप्रिल १९५९ पासून वैद्यकीय व शास्त्रीय कारणांव्यतिरिक्त अफूच्या सेवनास भारतात बंदी झाली. व्यसनाच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक होता. तथापि त्यानंतर तीव्र वेदनेचा उपाय गावातील दुकानाकडून दवाखान्याकडे गेला आणि दवाखाना नसलेल्या गावात तो उरला नाही.

उदराच्या शस्त्रक्रियेस भूलशास्त्राचा पाया लागतो. या बाबतीत हैदराबाद संस्थानाचे नाव जागतिक इतिहासात आले. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ नेमण्यात आले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वसन थांबल्याने, हृदय थांबल्याने नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढे चुकीचा ठरला. परंतु भूल देताना श्वसनावर सतत लक्ष ठेवण्याचा त्यांचा आग्रह उपयुक्त होता.

रोगाची कारणे : कारणांविषयीच्या मतांचा वेदनेच्या उपचारांवर थेट परिणाम झाला आहे. पाश्चात्त्य देशांत हा मद्यपींचा रोग मानला जाई. भारतात १९३७ मध्ये विशाखापट्टनम येथील एम. जी. किनी यांनी स्वादुपिंडातील अनेक खड्यांच्या विकाराची नोंद केली. १९५९ मध्ये जुइडेमा यांनी इंडोनेशियातील कुपोषित रुग्णांत व त्यानंतर पी. जे. गीवर्गीस यांनी केरळमध्ये मोठ्या संख्येने असे रुग्ण दाखविले. हे रुग्ण तरुण, मद्य न घेणारे व कृश होते. बालपणी पोटदुखी, पुढे खडे व ऐन तारुण्यात मधुमेह असा त्यांचा क्रम होता. या प्रकारास उष्ण कटिबंधीय स्वादुपिंडशोथ असे नाव मिळाले. त्याचे खापर टॅपिओका या कंदातील सायनाइडजन्य द्रव्यांवर फोडण्यात आले. ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या मराठवाड्यासारख्या प्रदेशास ही उपपत्ती लागू पडणे कठीण होते. ज्वारीच्या कोवळ्या ताटांतही सायनाइडजन्य द्रव्य असते व ती खाल्ल्याने गुरांना विषबाधा होते. पण पक्व दाण्यात ते नगण्य असते.

जनुकीय संशोधनाने हे चित्र बदलले. २००२ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी ट्रिप्सिन या एंझाइमास आवर घालणाऱ्या स्पिंक-१ या जनुकातील उत्परिवर्तने उष्ण कटिबंधीय प्रकारच्या अनेक रुग्णांत दाखविली. आपलेच पाचक एंझाइम ग्रंथीत अकाली क्रियाशील होणे हे रोगाचे एक मूळ ठरले. २००८ मध्ये व्ही. बालकृष्णन व सहकाऱ्यांनी देशभरातील १,०८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ६० टक्के रुग्णांत निश्चित कारण आढळले नाही, सुमारे ३९ टक्के मद्यजन्य होते व केरळमध्ये वर्णिलेला अभिजात उष्ण कटिबंधीय प्रकार ४ टक्क्यांहून कमी होता. या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. पोटदुखीच्या रुग्णावर मद्यपी असा शिक्का मारल्यास त्याच्या वेदनेकडे दुर्लक्ष होते. उलट मद्य न घेणाऱ्या तरुणात वा स्त्रीत हा रोग असूच शकत नाही असे मानल्यास निदानच चुकते. मद्य व तंबाखू दोन्ही वर्ज्य करणे हा मात्र सर्व प्रकारांत उपचाराचा पहिला भाग आहे.

नलिकेतील दाब व निचऱ्याच्या शस्त्रक्रिया : खड्याने किंवा आकसलेल्या भागाने नलिका अडली की तिच्यामागे दाब वाढतो व वेदना होते, ही कल्पना विसाव्या शतकात सर्वाधिक प्रभावी ठरली. १९११ मध्ये अमेरिकेतील गोएथ लिंक यांनी एका रुग्णाची नलिका उघडून रबरी नळीने तिचा निचरा थेट पोटाच्या त्वचेबाहेर काढला. १९५४ मध्ये ड्यूव्हाल यांनी ग्रंथीचे शेपूट कापून नलिकेचे ते टोक लहान आतड्याला जोडले. नलिका अनेक ठिकाणी आकसलेली असल्यास एका टोकाचा निचरा पुरत नाही, असे लक्षात आल्यावर १९५८ मध्ये पुस्टो व गिलेस्बी यांनी नलिका लांबीने उघडून आतड्याला जोडण्याची पद्धत मांडली. १९६० मध्ये पार्टिंग्टन व रोशेल यांनी ती सुधारली. तीत प्लीहा व ग्रंथीचे शेपूट काढावे लागत नाही. नलिका रुंदावलेली व खड्यांनी भरलेली असलेल्या भारतीय रुग्णांना ही शस्त्रक्रिया विशेष लागू पडली. मधुमेहास कारण होणारी हानी तीत फारशी वाढत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

काही रुग्णांत निचरा होऊनही वेदना राहते. अशा वेळी ग्रंथीच्या शीर्षभागातील तंतुमय गाठ वेदनेस कारण असते, असे जर्मन शल्यविशारदांनी प्रतिपादिले. तोवर शीर्षभागासाठी व्हिपल यांची १९३५ मधील मोठी शस्त्रक्रिया उपलब्ध होती. मुळात कर्करोगासाठी योजलेल्या या शस्त्रक्रियेत ग्रहणीही काढावी लागे. १९७२ मध्ये बेगर यांनी ग्रहणी राखून शीर्ष काढण्याची पद्धत सुरू केली, तर १९८७ मध्ये फ्रे यांनी शीर्ष आतून कोरणे व नलिकेचा लांब निचरा यांची सांगड घातली. संपूर्ण ग्रंथी काढण्याचा उपाय मधुमेहाच्या भीतीने शेवटचा मानला जाई. १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात सदरलँड, नजारियन व सहकाऱ्यांनी काढलेल्या ग्रंथीतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींची द्वीपके रुग्णाच्याच यकृतात सोडून या अडचणीवर अंशतः मात केली. हा उपचार आजही मोजक्याच केंद्रांत होतो.

तंत्रिकांवरील उपचार : वेदना वाहून नेणाऱ्या तंत्रिका बधिर करणे किंवा कापणे ही दुसरी दिशा होय. काप्पिस यांनी १९१४ मध्ये पाठीतून सुई घालून उदरगुहेतील मोठ्या तंत्रिकाजालास बधिर करण्याची पद्धत वर्णिली. १९४० च्या दशकात फ्रान्समधील माले-गी यांनी या भागाकडे जाणाऱ्या तंत्रिका कापल्या. पुढे छातीतून दुर्बिणीद्वारे व १९९० च्या दशकात अंतर्दर्शी श्राव्यातीत ध्वनी तंत्राने हे उपचार सुलभ झाले. कर्करोगात ते उपयोगी आहेत; चिरकारी शोथात मात्र बहुतेकांचा आराम काही आठवडे वा महिनेच टिकतो. १९८८ मध्ये बोकमन, ब्यूखलर व सहकाऱ्यांनी रोगग्रस्त ग्रंथीतील तंत्रिकांची आवरणे विस्कटलेली व दाहपेशींनी वेढलेली असल्याचे दाखविले. नंतरच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आली. दीर्घकाळ वेदनेचे संदेश येत राहिल्यास मेरुरज्जू व मेंदू स्वतःच अतिसंवेदनशील होतात आणि ग्रंथीतील कारण दूर केल्यावरही वेदना चालू राहते. जुन्या शस्त्रक्रियांना काही रुग्णांत यश व काहींत अपयश का आले, याचा उलगडा यामुळे बऱ्याच अंशी होतो.

अंतर्दर्शन व आघात तरंग : १९८० च्या दशकात तोंडावाटे घातलेल्या अंतर्दर्शकाने नलिकेचे मुख रुंद करणे, खडे काढणे व नलिकेत प्लॅस्टिकची नळी ठेवणे हे उपचार रूढ झाले. १९८७ पासून मुतखड्यासाठी वापरले जाणारे आघात तरंग स्वादुपिंडातील खडे फोडण्यास वापरले जाऊ लागले. भारतात या उपचाराचे एक प्रमुख केंद्र हैदराबादची एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी ही संस्था आहे. २०१० मध्ये या संस्थेने १,००६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत नलिका पूर्णपणे मोकळी झाली होती. जुन्या संस्थानाची राजधानी मराठवाड्याच्या दक्षिण भागास रस्त्याने जोडलेली आहे. सोलापूर–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग व उमरग्यावरून जातो आणि उमरगा ते हैदराबाद हे अंतर दोनशे किमी.पेक्षा थोडे अधिक आहे. राज्याच्या सीमा बदलल्या तरी या वाटेचे महत्त्व त्यामुळे टिकून आहे.

या उपचाराचे मूल्य पारखणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष सावधगिरी शिकवितात. २००७ मध्ये नेदर्लंड्समध्ये ३९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्के, तर अंतर्दर्शी उपचार झालेल्यांपैकी ३२ टक्के रुग्णांना आराम होता. २०२० मध्ये तेथीलच ८८ रुग्णांच्या चाचणीत वेदनेच्या सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रिया केलेल्यांची वेदना, आधी औषधे व अंतर्दर्शी उपचार घेतलेल्यांपेक्षा, १८ महिन्यांच्या काळात कमी आढळली. २०२४ मध्ये हैदराबाद येथील १०६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत निम्म्या रुग्णांवर खरा व निम्म्यांवर लुटुपुटीचा उपचार करण्यात आला होता. खऱ्या उपचाराने १२ आठवड्यांनी वेदना थोडी कमी झाली. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. खडे निघणे आणि वेदना जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

औषधे : पाचक एंझाइमांच्या गोळ्या अपचनावर निश्चित उपयोगी आहेत, त्यांचा वेदनेवरील परिणाम मात्र नंतरच्या अभ्यासांत सिद्ध झाला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२७ रुग्णांच्या चाचणीत जीवनसत्त्वे व सेलेनियम यांसारख्या प्रति-ऑक्सिडीकारकांनी वेदनेचे दिवस कमी झाले. २०१२ मध्ये इंग्लंडमधील चाचणीत तसा लाभ दिसला नाही. तेथील बहुतेक रुग्ण मद्यजन्य प्रकारचे व अधिक वयाचे होते, तर दिल्लीतील रुग्ण तरुण व पोषणाने दुर्बल होते. तंत्रिकांची अतिसंवेदनशीलता कमी करणारे प्रिगॅबालीन हे औषध २०११ मधील ६४ रुग्णांच्या चाचणीत उपयोगी ठरले. नेहमीच्या व्यवहारात पॅरासिटामॉल, त्यानंतर ट्रॅमाडॉल व जोडीस अशी औषधे या क्रमाने उपचार करतात.

याही पलीकडील वेदनेस मॉर्फीनवर्गीय औषधे लागतात. भारतात अफूची कायदेशीर लागवड होते व तिच्यावर गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत प्रक्रिया होते. तरीही १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानंतर रुग्णालयांना अनेक परवाने आवश्यक झाले, शिक्षेच्या भीतीने औषध-विक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणे सोडले आणि त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ हा वर्ग निर्माण करून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच मान्यतेवर ती ठेवता येतील अशी सोय केली. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही या अधिनियमाखाली आले. कायदा सुलभ झाला तरी संस्थेने मान्यता घेणे व डॉक्टरने प्रशिक्षित असणे या दोन अटी उरतात. चिरकारी स्वादुपिंडशोथात या औषधांचा दीर्घ वापर धोक्याचाही असतो : सवय लागते, आतड्यांची हालचाल मंदावून पोट अधिकच दुखते व कालांतराने वेदनेची संवेदना वाढते. म्हणून तीव्र झटक्यात ती नाकारू नयेत आणि मूळ कारणावरील उपचार लांबवून ती वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत, असे मानले जाते.

प्रतीक्षेचा प्रश्न : १९८४ मध्ये झुरिक येथील आमान व सहकाऱ्यांनी ग्रंथी निकामी होत गेली की बहुतेकांची वेदना काही वर्षांत आपोआप थांबते, असे मत मांडले. त्यामुळे थांबण्याचा सल्ला रूढ झाला. पुढील अभ्यासांत अनेक रुग्णांची वेदना दहा वर्षांनंतरही गेली नसल्याचे आढळले. दरम्यान रुग्ण मधुमेही व कुपोषित होतो, त्याचे शिक्षण वा काम सुटते आणि तंत्रिकासंस्थेत वेदना घर करते. त्यामुळे रुंद नलिका असलेल्या योग्य रुग्णात लवकर निर्णय घेण्याकडे आजचा कल आहे.

जिल्ह्यातील उपचारव्यवस्था : पूर्वी येथील रुग्णास उच्च उपचारांसाठी सोलापूर, हैदराबाद किंवा पुणे–मुंबई गाठावे लागे. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये, अंबाजोगाईचे १९७४ मध्ये व लातूरचे २००२ मध्ये स्थापन झाले. धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. २०१२ मध्ये राज्यात सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्यामुळे गरीब कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रियांचा आर्थिक आधार मिळाला. मात्र परराज्यातील रुग्णालयात जाणाऱ्यास प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी यांचा भार स्वतःच उचलावा लागतो.

स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रिया वा आघात तरंगांची यंत्रणा प्रत्येक जिल्ह्यात असण्याची आवश्यकता नाही. अशा शस्त्रक्रिया जेथे नेहमी होतात तेथेच त्या सुरक्षित ठरतात. जिल्हा पातळीवर निर्णायक ठरणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. पाठीत जाणारी, जेवणाने वाढणारी व वारंवार येणारी पोटदुखी आढळल्यास पोटाची क्ष-किरण व श्राव्यातीत तपासणी करावी. कण्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेले खडे साध्या क्ष-किरण छायाचित्रातही अनेकदा दिसतात. लघवी व रक्तातील साखर पाहावी. मद्य व तंबाखू थांबवून आहार, एंझाइमे व मधुमेहाचे उपचार सुरू करावेत. तीव्र झटक्यासाठी जिल्ह्यातच मॉर्फीन उपलब्ध असावे आणि निदान होताच, वेदना जुनाट होण्यापूर्वी, रुग्णास योग्य केंद्राकडे पाठवावे. शतकभरातील शस्त्रक्रिया, तंत्रिकाछेद व अंतर्दर्शी उपचार यांचा अनुभव एका निष्कर्षाकडे नेतो : उपचाराचा प्रकार जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची वेळ महत्त्वाची असते. ही वेळ साधण्याचे काम मोठ्या केंद्रात रुग्ण पोहोचण्याच्या कितीतरी आधी, तालुक्याच्या रुग्णालयात व गावच्या दवाखान्यात सुरू होते.